भूक विचारणारे मोठेबाबा

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वैद्य होते. पण समोर येऊन बसलेल्या माणसाला काय होतंय हे त्यांनी आधी कधीच विचारलं नाही. ते विचारायचे, "भूक कशी हाय?" माणूस कंबर धरून आलेला असो, कान धरून आलेला असो, की नुसताच बायकोच्या धाकानं आलेला असो, पहिला प्रश्न हाच. एकदा शेजारच्या गावचा एक जण बैलानं पायावर पाय दिला म्हणून लंगडत आला. त्यालाही मोठेबाबांनी विचारलं, "भूक कशी हाय?" तो कण्हत म्हणाला, "डॉक्टर, बैलाची तं चांगली हाय. त्याचंच वजन पडलं."

मोठेबाबा पोट धरून हसले. मग त्यांनी पाय पाहिला, चेहरा गंभीर केला आणि त्याला यवतमाळच्या गाडीत बसवून दिलं. जे आपलं काम नाही ते अडवून ठेवायची त्यांना सवय नव्हती. मोडलेलं हाड, छातीतली कळ, साप, अडलेली बाई यांना ते दारातूनच सांगायचे, "माह्या पुड्यांच्या भरवशावर बसू नका. गाडी पकडा."

दवाखाना म्हणजे मुकुटबनच्या आमच्या घराचीच पुढची खोली. एक टेबल, दोन बाकडी आणि भिंतभर बरण्या. आत पाऊल टाकलं की सुंठ, हिंग आणि तिळाचं तेल यांचा मिळून एक वास यायचा. आमच्या घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांनाही तो असायचा. शाळेत माझ्या बाजूला बसणारा पोरगा म्हणायचा, तुझ्याजवळ बसलं की फोडणीच्या वरणाची आठवण येते. मोठेबाबांनी नागपूरला राहून आयुर्वेदाची रीतसर पदवी घेतली होती, पण लोकांच्या लेखी डॉक्टर म्हणजे सुई. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांतून, बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून माणसं सकाळच्या एसटीनं यायची आणि शर्टाची बाही वर सारूनच बाकड्यावर बसायची.

"सुई मारा जी."

"भूक लागते?"

"भुकीचं काय घेऊन बसले? अंग दुखून राह्यलं न."

"काल संध्याकाळी काय खाल्लं?"

"लग्नातली बुंदी."

"अन् त्याच्या आधी?"

"सकाळची बुंदी."

"मंग आज काही खाऊ नको. गरम पाणी पे. उद्या आपोआप भूक लागली तं मऊ भात अन् तूप खा, अन् मले सांगायले ये."

"अन् औषध?"

"हेच हाय औषध."

माणूस फसवला गेल्यासारखा उठायचा. पुष्कळदा तो दुसऱ्या दिवशी यायचाच नाही, आणि मोठेबाबांना आनंद व्हायचा तो त्याचाच. मोठ्याई, म्हणजे माझी थोरली काकू, आतून म्हणायची, "पेशंट न आल्यावर खूश होनारा डॉक्टर मी एकच पाह्यला." तांड्यावरच्या बाया तिला 'याडी' म्हणायच्या, त्यांच्या बोलीत आई. दवाखान्यात मोठेबाबांशी बोलायला ज्या लाजायच्या, त्या आधी चुलीजवळ जाऊन तिच्याशी बोलायच्या. ती मग पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर यायची आणि मोठेबाबांच्या कानाशी दोन शब्द टाकून जायची. अर्धी चिकित्सा त्या दोन शब्दांतच होऊन जाई.

मोठेबाबांचं शास्त्र मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. फार नाही कळलं. त्यांचं म्हणणं, माणसाच्या पोटात एक अग्नी आहे. तो नीट असला की खाल्लेलं अंगी लागतं, झोप लागते, कामात मन लागतं. तो मंद झाला की अन्न कच्चं राहतं आणि ते कच्चेपण अंगभर फिरून कुठं सांधा धरतं, कुठं डोकं धरतं. "पोळी कच्ची राह्यली तं पोळीले बोलता का? आधी चूल पाहा न." म्हणून वैद्यानं रोगाआधी माणूस पाहायचा. तो केव्हा उठतो, त्याला काय पचतं, झोप कशी लागते, कोणावर चिडतो. एकाच खोकल्याच्या दोन माणसांना ते दोन वेगळ्या पुड्या द्यायचे, एकाला मधातून घ्यायला सांगायचे, दुसऱ्याला तुपातून. ते दोघं बसस्टँडवर पुड्या उघडून एकमेकांच्या पाहायचे आणि आपल्याला हलकी मिळाली म्हणून भांडत परत यायचे.

घरात तर त्यांनी सगळ्यांची वाटणीच करून टाकली होती. वात, पित्त आणि कफ. माझी आई वात: चालणं वाऱ्यासारखं, बोलणं त्याहून जोरात, आणि थंडी सुरू झाली की गुडघे बोलायला लागायचे. तिला थंडीभर कोमट तिळाच्या तेलाची वाटी. वडील पित्त: जेवायला उशीर झाला की घरातली भांडी वाजायची. वडील उपाशी असताना त्यांच्याशी शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, विषय काढायचा नाही, असा मोठेबाबांचा हुकूमच होता आणि त्या एका हुकमानं आमच्या भाऊबंदकीतले कितीतरी खटले वाचले. आणि मी कफ. अंगानं भरलेला, चालीनं सावकाश, उठायला उशीर. हे निदान ऐकल्यावर मला कोण आनंद झाला! आळशी हे आता दूषण राहिलं नाही, शास्त्र झालं. कापूस वेचायला चल म्हटलं की मी म्हणायचो, "माझी प्रकृतीच तशी आहे." हे मोठेबाबांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांनी माझं पांघरूण ओढलं आणि मला शेतापर्यंत पायी नेलं.

"मोठेबाबा, प्रकृती बदलत नाही म्हणता न तुम्ही?"

"प्रकृती नाही बदलत. पन तिले मोकळं सोडत नाहीत बे. कफाले असाच राहू देल्ला तं त्याची गादी होते."

मी आता पन्नाशीकडे झुकलोय. गादी व्हायची थोडीच राहिली आहे.

ऋतू बदलला की आमच्या स्वयंपाकघरातही त्यांचा हुकूम बदलायचा. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील, थंडीत जवसाची चटणी आणि तीळ, पावसाळ्यात पोट नाजूक म्हणून भज्यांवर बंदी. ती बंदी मोठ्याई पाळायची, म्हणजे मोठेबाबा दवाखान्यात असेपर्यंत पाळायची. भज्यांचा वास हिंगाच्या वासात लपतो हा शोध तिचा.

माझं लग्नही त्यांनी त्याच एका प्रश्नावर जमवलं. वणीकडचं एक स्थळ होतं. पोहे झाले, चहा झाला, कोण कोणाचा कोण लागतो ते झालं, आणि मोठेबाबांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "पोरीले भूक कशी लागते?" ते बिचारे दचकले. हे लोक सुनेचे घास मोजणारे दिसतात, असं त्यांना वाटलं असणार. घाईघाईनं म्हणाले, "काहीच नाही जी! चिमनीसारखी खाते."

मोठेबाबांचा चेहरा पडला. "अरे अरे. मंग कठीण हाय."

त्यांचा चेहरा पडला तसा मुलीच्या वडिलांचाही पडला. नेमकं काय चुकलं ते दोन्हीकडच्या कोणालाच कळेना. एवढ्यात दाराआडून आवाज आला, "बाबा, खोटं कायले सांगता? दोन भाकरी खातो मी. शेतात गेली तं तीन."

"जमलं!" मोठेबाबांनी मांडीवर थाप मारली. "पोरगी एकदम निरोगी हाय."

मुलीच्या मामांनी भीत भीत विचारलं, "अन् मुलाची भूक?" मोठेबाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "त्याचं नका विचारू. तो भूक लागायची वाट पाहत नाही." ती दाराआडची मुलगी म्हणजे रेखा. ती आमच्या घरात आल्यापासून भूक लागली की जेवते, कोणासाठी थांबत नाही, आणि यावरून मोठ्याईनं सुरुवातीला नाक मुरडलं तेव्हा मोठेबाबा म्हणाले होते, "या घरात माहं शास्त्र कळलेली हे एकटीच हाय."

मग मोठ्याई गेली. पोळ्याच्या आधी, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली. तापाच्या पहिल्याच दिवशी मोठेबाबांनी तिला स्वतः यवतमाळला नेलं होतं. करायचं ते सगळं केलं, आणि तरी गेली.

मोठेबाबांना मूलबाळ नव्हतं. माझे आईवडील आधीच गेलेले. घरात ते, मी आणि रेखा. सुरुवातीला ते जेवत नव्हते तेव्हा आम्हाला वाटलं, साहजिक आहे. दिवस झाले, पाहुणे गेले, सोयाबीन निघालं, कापूस फुटला, आणि मोठेबाबा ताटाकडे पाहून म्हणतच राहिले, "भूक नाही." सकाळी थोडं दूध, रात्री थोडा भात, तोही आमच्या तोंडाकडे पाहून. सदरा खांद्यावरून उतरायला लागला. वाद घालायची सोय नव्हती, कारण नियम त्यांचाच होता आणि तो आम्ही लहानपणापासून ऐकलेला. "अग्नी विझल्यावर लाकडं टाकून काय होते? धूर होते."

मी त्यांना यवतमाळला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाला, आजार असा काही सापडत नाही. पण असंच चाललं तर शरीर फार दिवस साथ देणार नाही. परतीच्या एसटीत मला वाटलं, आता मोठेबाबा त्याच्यावर काहीतरी बोलतील. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पोटाले हात लावायच्या आधी हात चोळून गरम केले त्यानं."   मला आतून भीती बसली होती. एवढ्या माणसांची भूक जागी केलेला हा माणूस आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच घरात, उपाशी मरणार.

मग मी वैद्यकी हाती घेतली. जेवणाआधी आल्याचा तुकडा सैंधव लावून, ताकात हिंग आणि जिरं, हिंग्वाष्टक चूर्ण तुपातल्या पहिल्या घासाबरोबर. हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. मोठेबाबा नको म्हणायचे, म्हणून त्यांना हुरूप यावा यासाठी मी प्रत्येक गोष्ट आधी त्यांच्यासमोर स्वतः घेऊन दाखवायचो. औषधं उत्तम होती. मला अशी सडकून भूक लागायला लागली की मी त्यांच्याही वाटचं जेवू लागलो. दिवाळीपर्यंत ते वाळले आणि माझी पँट कमरेत बसेना. रेखा म्हणाली, "तुमचं औषध लागू पडलं. पेशंट तेवढा चुकला."

एका दुपारी रेखानं स्वयंपाक झाकला, दवाखान्यात गेली आणि पेशंटच्या बाकड्यावर जाऊन बसली. मोठेबाबा खुर्चीत होते, बरण्यांकडे पाहत. मी दारात उभा होतो.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "भूक कशी हाय?"

त्यांनी चमकून पाहिलं. आयुष्यभरात हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. आम्ही 'जेवून घ्या' म्हणत होतो, 'दोन घास तरी' म्हणत होतो. विचारत कोणीच नव्हतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "खरं सांगू का तुले? दुपारची भूक मले कित्येक वर्सांपासून नव्हतीच."

"म्हनजे?"

"पेशंट तपासता तपासता उशीर होये, मधात चहा होये. भूक मरून जाये. पन तुही मोठ्याई जेवत नव्हती न माह्याआधी. सांगून पाह्यलं, भांडून पाह्यलं, शास्त्र सांगितलं. ते म्हने, तुमचं शास्त्र दवाखान्यात ठेवा. मंग मीच आत जाओ अन् म्हनो, लय भूक लागली, वाढ. साफ खोटं. दोन घास खाल्ले का ते आपलं ताट घेऊन बसे. अन् तिच्यासंगं खाता खाता मंग खरंच लागे." त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि परत ठेवला. "आता खोटं कोनाजवळ बोलू?"

रेखा उठून स्वयंपाकघरात गेली. पण त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीही नाही. कोणासाठी न थांबणारी ही बाई दवाखान्याच्या उंबऱ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "मले भूक लागली. पन मी थांबतो तुमच्यासाठी."

मोठेबाबा चिडले. "भूक लागल्यावर थांबू नये. किती खेपा सांगितलं? अग्नी अंगाले खाते."

"हो न. मंग चला."

"मले भूक नाही."

"मंग बसून राहू आपन."

मीही पाठिंबा म्हणून त्या दिवशी थांबलो होतो. ओसरीत भिंतीला टेकून मोठ्या निर्धारानं बसलो होतो, आणि तो निर्धार फुटाण्यांच्या डब्यापाशी मोडला, हे रेखाला डब्याच्या झाकणाच्या आवाजावरून कळलंच. तिनं मान वळवली नाही. मोठेबाबा उन्हाकडे पाहत राहिले. उन्हाचा पट्टा बाकड्यावरून खाली उतरून फरशीवर आला तेव्हा ते उठले, आत गेले, पाटावर बसले आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "लय भूक लागली. वाढ."

ते खोटं होतं. त्यांना माहीत होतं, रेखाला माहीत होतं, फुटाणे खात उभ्या असलेल्या मलाही माहीत होतं. रेखानं भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली. त्यांनी दोन घास खाल्ले, तशी तीही ताट घेऊन समोर बसली. त्यानंतर रोज दुपारी आमच्या घरात हे एक खोटं बोललं जाऊ लागलं आणि मोठेबाबा जगू लागले. पण दोन घासांचे चार झाले, तेवढेच. मधूनच हात थांबायचा. खरी भूक काही येत नव्हती आणि रेखा रात्री मला म्हणायची, "माह्यासंगं नाही लागत त्यांना. मी काही मोठ्याई नोहो."

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. मी कापूस वेचायला बाया लावल्या होत्या. मोठेबाबा म्हणाले, मीही येतो. दुचाकीवर मागं बसवून शेतात नेलं. दुपारी बायांनी बांधावर तीन दगड मांडले, पेटवण केलं आणि घमेल्यात मीठ टाकून तुरीच्या हिरव्या शेंगा उकडायला ठेवल्या. धुराबरोबर तो वास सुटला. तुम्ही कधी खाल्ल्या असतील तर तुम्हाला सांगायला नको. मी तर पहिल्या वाफेलाच हात भाजून घेत माझा वाटा उचलला आणि दूर जाऊन बसलो. बायाही खाऊन परत ओळीत वेचायला गेल्या. मोठेबाबा बाभळीखाली एकटे बसले होते. त्यांच्यासाठी कोणी थांबलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शेंगांच्या नादात कोणाचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं.

"काय बे," त्यांचा आवाज आला, "सगळ्या तूच खातं का? आन न इकडं."

मी घमेलं नेऊन त्यांच्यापुढं ठेवलं. ते शेंग उचलायचे, दातात धरून ओढायचे, टरफल बाजूला टाकायचे, आणि तोंडातलं संपायच्या आत पुढची शेंग हातात. ओठ, हनुवटी, बोटं, सगळं मिठाच्या पाण्यानं चकाकत होतं. बाजूला टरफलांचा ढीग झाला. मी पाहत राहिलो. घमेलं रिकामं झालं तेव्हा त्यांनी तळ चाचपला आणि वर पाहिलं.

"अजून हायत का?"

माझ्या खिशात घरी न्यायला म्हणून थोड्या होत्या. त्या दिल्या. मग पाणी पिण्याच्या निमित्तानं विहिरीकडं गेलो आणि रेखाला फोन लावला.

"मोठेबाबांनी मागून खाल्लं."

ती म्हणाली, "कोन थांबलं होतं त्यांच्यासाठी?"

"कोनीच नाही."

"तुम्ही?"

"मी तं केव्हाचाच खाऊन बसलो होतो."

"चांगलं केलं," ती म्हणाली. लग्नानंतर माझ्या खाण्याचं एवढं कौतुक तिनं त्या एकाच दिवशी केलं.

मोठेबाबा त्याच उन्हाळ्यात गेले. सकाळी पेशंट पाहिले, दुपारी आंबील मागून प्याले आणि खाटेवर आडवे झाले ते उठले नाहीत. उपाशी गेले नाहीत, एवढंच आम्ही दोघं एकमेकांना सांगतो. दवाखाना बंद आहे. तांड्यावरची माणसं अजूनही कधीमधी येऊन पायरीवर बसतात आणि मी वैद्याचा पुतण्या म्हणून मलाच आपलं दुखणं सांगतात. मी सगळं ऐकून घेतो आणि सरकारी दवाखान्याची वाट दाखवतो. ते जातात, आणि मला वाटतं, आत्ता त्या खुर्चीत कोणीतरी असायला हवं होतं.

पण मला सगळ्यात जास्त हवी आहे ती त्या शेंगांच्या दिवसाची परतीची वाट. मोठेबाबा माझ्यामागं बसले होते. गाव जवळ आलं तसं त्यांचं डोकं हळूहळू माझ्या पाठीवर टेकलं आणि त्यांचा श्वास लांबला. भरल्या पोटानं झोपलेल्या माणसाचं वजन वेगळंच असतं. एवढ्या वाळलेल्या अंगाचं ते मला पाठभर जाणवत होतं. घर आलं. रेखा दारात उभी होती. मी गाडी थांबवली नाही. तिनं पाठीवरचं ते डोकं पाहिलं आणि हातानंच, जा, जा, अशी खूण केली. मी बसस्टँड मागं टाकलं, शेवटची घरं मागं टाकली आणि झरीच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडं तुरी उभ्या होत्या, ऊन कललं होतं. खड्डे चुकवत, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं मी गाडी हाकत होतो.

बऱ्याच वेळानं पाठीमागून, डोकं न उचलता, आवाज आला. "घर मागं राह्यलं न बे?"

"हो, मोठेबाबा. वळवू का?"

"राहू दे," ते म्हणाले. "चाल अजून."